न उघडलेली पानं

आईच्या तिथीला ताई आईची एक आठवण सांगायची. वर्षातून एकच. जेवताना खीर वाढून झाली, की ती पदराला हात पुसत मुक्तासमोर बसायची आणि म्हणायची, "तर ऐक."

आई गेली तेव्हा मुक्ता दोन वर्षांची होती आणि ताई अकरा. वडील आईबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरात आईचा फोटोही एकच, लग्नातला, मुंडावळ्यांमागे चेहरा निम्मा झाकलेला. त्यामुळे मुक्ताची सगळी आई ताईच्या डोक्यात होती, आणि ताई ती पुरवून पुरवून देत आली होती.

"रोज का नाही गं सांगत?" लहानपणी मुक्ताने एकदा हट्ट केला होता.

"रोज नेसली की चांगल्या साडीचंही पोतेरं होतं," ताई म्हणाली होती. "घडी घालून ठेवलेली बरी."

या वर्षीही खीर वाढून झाली. ताई समोर बसली.

"तर ऐक. आई पाटवड्या करायची. बेसन आधी चाळून घ्यायची. मग फोडणीत पाणी, आधण आलं की बेसन, आणि मध्यम आचेवर सतत ढवळत राहायची, गुठळी होऊ द्यायची नाही. आणि मग..." ताईचे डोळे बारीक झाले. आईची आठवण काढताना ते नेहमीच तसे व्हायचे. "मग म्हणायची, पाककृती आवडली असेल तर खालच्या बदामावर बोट ठेवा."

मुक्ता खो खो हसली. ताईला थट्टेची खोड होतीच.

ताई हसली नाही. "हसायला काय झालं?"

"ताई, असं आई म्हणायची?"

"मग कोण म्हणणार? ओट्यापाशी स्टुलावर उभी होते मी. कढीपत्त्याचा वास अजून नाकात आहे माझ्या."

मुक्ताने हातातला वडा ताटात ठेवला. ती पाककृती तिला शब्दन्‌शब्द पाठ होती, कारण ती तिनेच निवडली होती.

मुक्ता भोकरे 'पारख' नावाच्या ग्राहक-मासिकासाठी वस्तूंची तुलना करून लिहायची. मिक्सर, पाण्याचे फिल्टर, गाद्या. गेल्या वर्षी तिने तीन ब्राउझर तपासले होते, पण ते टेबलावरच्या संगणकातले नव्हते. ते डोक्यातले होते.

ताई, म्हणजे वैजयंती भोकरे, मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात वॉर्ड सिस्टर होती. काही वर्षांपूर्वी झालेल्या मेंदूज्वरातून ती वाचली, पण कानशिलाच्या आत, नव्या आठवणी जिथे घडतात त्या भागातल्या पेशी होरपळून गेल्या. जुनं सगळं शाबूत राहिलं, नवं टिकेना. सकाळी आलेला पाहुणा दुपारी तिला पहिल्यांदाच भेटायचा. मग तिथे एक चिप बसवली. डॉक्टर तिला 'सेतू' म्हणत. मेंदूत काही नवं येऊ लागलं, की पेशींमध्ये विद्युत्‌-स्पंदांची एक नक्षी उमटते. जखमी भागाला ती पुढे पोचवता येत नाही. सेतू ती अलीकडे वाचायचा आणि पलीकडे गिरवायचा. एवढंच त्याचं काम. ताई परत माणसात आली.

सेतूला जोडून ब्राउझरही घेता येत होता. गोळीचं नाव, बसची वेळ, समोरच्या बाईचं माहेरचं आडनाव, असं काही मनात अडलं की ब्राउझर ते पान उघडायचा आणि उत्तर मनात यायचं, आपल्यालाच आठवल्यासारखं. अडचण एकच होती. डोक्यातली चिप फार तापू देता येत नाही. ती जराशी तापली तरी भोवतालच्या पेशी मरू लागतात. म्हणून तिच्यात मेमरी अगदी बेताची. घरच्या संगणकावर ब्राउझरने मेमरी खाल्ली तर पंखा घोंगावतो. इथे माणूस कपाळ धरून बसतो.

'पारवा' नावाच्या ब्राउझरमध्ये सगळ्या सोयी होत्या. चेहरे ओळखणं, भाषांतर, उघडून ठेवलेली कितीतरी पानं. पण चार-दोन पानं जास्त झाली की ताईची कानशिलं ठणकायला लागायची. 'ओंजळ' हलका होता, कारण तो झोपलेली पानं सरळ टाकून द्यायचा. ताई बोलता बोलता अडकायची आणि "थांब गं, येतंय" म्हणून भिंतीकडे बघत राहायची. 'टिटवी' मात्र पारव्याचं सगळं करायची आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या मेमरीत करायची. माहिती घट्ट दाबून ठेवण्याचं नवं तंत्र आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. मुक्ताने ते छापलं. मुखपृष्ठावर टिटवीला पाचही तारे दिले. ताईच्या डोक्यातही तेव्हापासून टिटवीच होती.

त्या तपासणीत मुक्ताने काही कसूर ठेवली नव्हती. ठरावीक पानांचा एक संच तिने तयार केला होता. पाटवड्यांची कृती, एका साडीच्या दुकानाचं पान, रेल्वेचं वेळापत्रक, हवामान, बातम्या. तीच पानं ताईच्या सेतूवर तिन्ही ब्राउझरमध्ये उघडायची आणि मेमरी मोजायची. प्रत्येक फेरीआधी साठलेलं सगळं पुसून टाकायचं, नाहीतर आधीच्या फेरीचा फायदा पुढच्या फेरीला मिळतो आणि तुलना खोटी ठरते. एक आकडा विश्वासाचा मिळायला फेऱ्या पुष्कळ कराव्या लागतात. ताई वेताच्या खुर्चीत शेंगदाणे खात बसायची आणि मध्येच विचारायची, "झालं का बाई तुझं झाडून-पुसून?"

"आणखी एकदा."

"पूस, पूस. तेवढंच डोकं स्वच्छ."

जेवणाची ताटं तशीच ठेवून मुक्ताने कपाटातून मापनयंत्र काढलं. ताईच्या कानामागे त्याची चकती चिकटवली.

"आज तिथीच्या दिवशी कसला गं उद्योग?"

"दोन मिनिटं, ताई. मी सांगेन तेवढंच आठव."

तिने सेतूचं बाहेरचं जाळं बंद केलं. आता बाहेरून काहीही येऊ शकत नव्हतं. चिपमधली मेमरी तिने पाहिली. जवळपास रिकामी होती.

"साडीच्या दुकानाचं पान उघड."

"उघडलं," ताई म्हणाली. "मोरपंखी इरकल, लाल काठ. खिडकीपाशी उभी आहे बाई. 'दोन घेतल्यास शिलाई मोफत.'"

पान लगेच आलं होतं, सगळंच्या सगळं, चित्रासकट. जाळं बंद होतं आणि चिपमध्ये त्याचा मागमूस नव्हता. मुक्ताने पुन्हा पाहिलं. पडद्यावर फक्त एक आलेख हलत होता. सेतू मेंदूत काय वाचतो आणि काय गिरवतो, ते दाखवणारा. तपासणीच्या वेळी तिने त्या आलेखाकडे बघितलंच नव्हतं. तो ब्राउझरचा भाग नव्हता, आणि मोजायचं होतं ते ब्राउझरला.

बंद खोलीत कुणीतरी श्वास घेतंय असं कळावं, तसं तिला ते कळलं.

ताईवर उपचार करणाऱ्या डॉ. नसरीन बागवान यांनी तो आलेख दोनदा पाहिला. मग त्या उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"हा प्रोग्राम स्वतःला सुधारत जातो, बरोबर?" त्यांनी विचारलं.

"हो. एकच उद्दिष्ट दिलेलं असतं. चिपची मेमरी कमीत कमी वापरायची."

"आणि सामान कुठे ठेवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं." डॉक्टर टेबलाच्या कडेला टेकल्या. "सेतू मेंदूत नक्षी गिरवू शकतो आणि ती परत वाचूही शकतो. टिटवीला एवढं सापडलं की पुरे. चिपमधली जागा महाग, मेंदूतली फुकट. ती पानं तुमच्या ताईंच्या डोक्यात ठेवतेय, मुक्ता. पण मेंदू म्हणजे काही फडताळ नव्हे. एकेका पेशीचा धागा शंभर आठवणींत विणलेला असतो. वरून काही नवं गिरवलं की जुनं विसकटतं. आणि मग मेंदू जे शिल्लक आहे त्यातून आपली गोष्ट रचतो. आईसुद्धा, पाटवड्यासुद्धा."

"पण आईच का? बाकीचं तर तिला सगळं आठवतंय. वॉर्ड, बायका, माझ्या परीक्षा..."

"ब्राउझर कुठलं पान आधी काढून टाकतो?"

मुक्ताला उत्तर माहीत होतं. तिने ते लेखात समजावून सांगितलं होतं, चौकटीत, सोप्या भाषेत. जे बरेच दिवस उघडलेलं नाही, ते आधी जातं.

ताईने आईला घडी घालून ठेवलं होतं. वर्षातून एकदा उघडायची ती. टिटवीच्या हिशेबी ती जागा पडून होती.

"आणि पुसल्यावर काय होतं?" तिने विचारलं. "साठलेलं पुसा, अशी आज्ञा दिल्यावर?"

"टिटवीने जिथे ठेवलं असेल तिथून ती पुसणार. नक्षी पुसली की तिच्यात अडकलेले धागेही जाणार. किती वेळा पुसलंत?"

मुक्ताला फक्त वेताच्या खुर्चीचा करकर आवाज ऐकू येत होता. पूस, पूस.

"मला हे कळवावंच लागेल," डॉ. बागवान म्हणाल्या. "माझ्याच बाह्यरुग्ण विभागात टिटवीवाले कितीतरी आहेत. बहुतेक सगळे तुमचा लेख दाखवून घेऊन गेलेत."

कंपनीने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. दुसऱ्या दिवशी निवेदन आलं. चूक मान्य, दिलगीर आहोत, उद्या दुपारी सर्वांना सुधारित आवृत्ती मिळेल, आपोआप. मेंदूत ठेवलेला सगळा मजकूर ती कायमचा काढून टाकेल.

मुक्ताने ते वाचलं आणि डॉक्टरांना फोन लावला. "काढून टाकेल म्हणजे पुसेलच ना? सगळं एकदम?"

"हो."

"मग उरलेली आईसुद्धा?"

"जिथे गुंता झालाय तिथे, बहुतेक हो. नुसतं जाळं बंद ठेवलं तर टिटवी आत गिरवतच राहील, आणि टिटवी काढली तर जाताना ती सगळं पुसूनच जाईल. थांबवायचा एकच मार्ग आहे. सेतू बंद करायचा. सुधारणा पोचणारच नाही. पण मग ताई पुन्हा पहिल्यासारख्या होतील. सकाळचं दुपारी नाही. आणि एकदा बंद केल्यावर भोवतालच्या पेशी सेतूशी पुन्हा जोड धरतील याची खात्री मी देणार नाही. त्यांना सांगा. निर्णय त्यांचा आहे."

ताई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मुक्ताने सगळं सांगितलं. पुसण्याच्या फेऱ्यांचंही. ताई ऐकत राहिली, हात चालूच.

"म्हणजे पाटवड्या आईच्या नव्हेत?"

"नव्हेत."

"वास आला होता गं मला," ताई म्हणाली. तिच्या बोटांतली काडी तशीच राहिली. मग ती घाबरली. मुक्ताने ताईला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मेंदूज्वरातही नाही. "मग बाकीचं कोणाचं? माझं काय आहे आत? हे घर? तू?"

"मी खरी आहे, ताई."

"तू म्हणतेस म्हणून."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मुक्ताच्या मनात एक वाक्य तयार होतं आणि ते आवरताना तिचा जबडा दुखत होता. बंद करूया. सेतू बंद करूया. मी बघेन तुझं सगळं, रोज नव्याने ओळख करून देईन, पण आई राहू दे.

ताईने तिच्याकडे पाहिलं. "बोल की."

"काही नाही."

"वॉर्डात जन्म गेलाय माझा, मुक्ते. कोणता नातेवाईक काय मागायला आलाय, ते दारातच कळायचं मला." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुला आई हवीय. बरोबर?"

मुक्ता रडायला लागली.

"आई मेलीय. मी जिवंत आहे," ताई म्हणाली. ती कठोरपणे बोलली नव्हती. एखाद्या पेशंटला नाडी सांगावी तसं ती म्हणाली. "मला उद्याचा चहा आठवायचाय. तू काय बोललीस ते रात्री आठवायचंय. ते मी सोडायची नाही. पण आई तुझीही आहे. उद्या दुपारपर्यंत माझ्याजवळ जे काय आहे ते घेऊन जा. फोन लाव रेकॉर्डिंगला. आणि ऐकही. फोनवर टाकून झोपू नकोस."

मग ताईने घड्या मोडल्या. एकामागून एक, संध्याकाळभर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहापासून पुन्हा. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. झोपेत "होल्ड करा" म्हणायची. आई आंबा चोखताना कोपरापर्यंत ओघळू द्यायची आणि मग ताईच्या फ्रॉकला हात पुसायची. आई भांडली की गप्प बसायची नाही, गाणी म्हणायची, मुद्दाम बेसूर. काही आठवणी ताई सुरू करायची आणि मध्येच वाट संपल्यासारखी थांबायची. "इथे काहीतरी होतं गं. इथे एक दार होतं." ती डोळे मिटून चाचपडायची, कपाळावर घाम यायचा, आणि मुक्ता तिचा हात धरून बसायची. काही ठिकाणी भलतंच यायचं. आई गाडीला बसली ती फलाट तीनवरून, गाडी चाळीस मिनिटं उशिरा. मुक्ता मनात म्हणायची, वेळापत्रक. ते सोडून दे.

"एकदा मी शाळेतून आले," ताई म्हणाली, "तर आई खिडकीपाशी उभी. मोरपंखी इरकल नेसलेली, लाल काठाची. ऊन पडलेलं. अशी दिसत होती की मी दारातच थांबले."

साडीचं दुकान. मुक्ताने ओठ घट्ट मिटले.

"हे खोटं आहे का गं?" ताईने विचारलं.

"माहीत नाही," मुक्ता म्हणाली. आणि खरंच, आईकडे तसली साडी नव्हतीच असं कोण सांगणार होतं? विचारायला ताईशिवाय कुणीच उरलं नव्हतं.

दुपार होत आली तेव्हा ताई घाईने बोलू लागली. "आणि एक. हेडफोनची पट्टी असायची डोक्यावर, दिवसभर. त्याने तिच्या केसांत एक खोबण पडली होती. इथून इथपर्यंत." तिने मुक्ताच्या टाळूवरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवलं. "केस धुतले तरी जायची नाही. रात्री ती मला झोपवायची तेव्हा मी त्या खोबणीतून बोट फिरवायचे. तशीच झोप लागायची मला."

हे कुठल्याच पानावर नव्हतं. मुक्ताने संच मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला आणि तिला इतका आनंद झाला की तिने ताईचं बोट टाळूवर तसंच दाबून धरलं.

"आणखी?" तिने विचारलं. "ताई, आणखी?"

ताई तिच्याकडे बघत होती. डोळे बारीक झालेले नव्हते.

"आणखी काय?" ताई म्हणाली.

पुढचे काही दिवस बरे गेले, असं कुणीही म्हटलं असतं. ताईला चहा आठवत होता, भाजीवाली आठवत होती, टिटवीऐवजी पुन्हा बसवलेल्या पारव्यासाठी रोज घ्यायची डोकेदुखीची गोळी आठवत होती. मुक्ताने 'पारख'मध्ये दुसरा लेख लिहिला. त्यात तारे नव्हते. टिटवीवाल्यांचे फोन येत राहिले. एका माणसाने विचारलं, माझी बायको मला ओळखते, पण लग्न आठवत नाही म्हणते, हे तुमच्या ब्राउझरने केलं का? तिने त्याला डॉ. बागवानांचा नंबर दिला.

रेकॉर्डिंग तिने एकदाच लावलं. स्वतःच्या आवाजात एक अनोळखी बाई आंबा चोखतेय हे ऐकून ताई अर्ध्यातच उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "बंद कर. कोण बोलतंय ते? बंद कर आधी."

डॉ. बागवान म्हणाल्या, "आवाज नको. तुम्ही सांगा. आणि एक लक्षात ठेवा. हाताच्या सवयी मेंदू वेगळ्या जागी ठेवतो. सायकल चालवणं, टाका घालणं. तिथवर सेतूचा हात पोचत नाही."

रविवारी दुपारी ताईने तेलाची वाटी घेतली आणि मुक्ताला पायाशी बसवलं. "किती कोरडे केस गं. चाळिशी उलटली, अजून विंचरायला मी लागते."

तेल टाळूवर पडलं. थोड्या वेळाने ताईने विचारलं, अगदी सहज, कुणा शेजारणीबद्दल विचारावं तसं, "आपली आई कशी होती गं?"

"तर ऐक," मुक्ता म्हणाली.

तिने होल्ड करा सांगितलं. आंबा सांगितला. बेसूर गाणी सांगितली. हेडफोनचं अजून सांगायचं होतं, तेवढ्यात तिच्या टाळूवरून एक बोट फिरलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि परत. ताईचं लक्षही नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. बोट मात्र आपल्या वाटेने जात होतं, नसलेल्या खोबणीतून.

"थांबलीस का?" ताई म्हणाली. "सांग की. दिसायची कशी?"

मुक्ताने डोळे मिटले. तिच्या डोक्यात चिप नव्हती, सेतू नव्हता, काही म्हणता काहीच नव्हतं. साडीचं ते पान तिने स्वतः निवडलं होतं, स्वतः मोजलं होतं, कितीतरी वेळा पुसलं होतं. ते वगळून सांगायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

पण मिटल्या डोळ्यांपुढे आई खिडकीपाशी उभी होती, उन्हात. मोरपंखी इरकल नेसलेली, लाल काठाची. आणि दुसरी कुठलीच आई तिथे नव्हती.